‘साहेब, एक वात कहूं?’ : नवीन सुपरवायझरने पहिल्या सहा महिन्यांत काय करावं

कंपनीने तुम्हाला सुपरवायझर केलं. आयकार्डच्या पट्टीचा रंग बदलला आणि पहिल्याच मीटिंगमध्ये वरच्या साहेबांनी सांगितलं, ‘तुमच्या टीमकडून इनोव्हेशन दिसलं पाहिजे.’ दिसलं पाहिजे हे सगळेच सांगतात; ते येतं कुठून हे कोणी सांगत नाही. भिंतीवर पेटत्या बल्बचं पोस्टर असतं, त्याकडे कितीही वेळ बघितलं तरी काही सुचत नाही.

माझी सगळी नोकरी बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या छोट्या-मध्यम कारखान्यांत गेली. ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, पॅनेल हा या शहराचा जुना धंदा, त्यामुळे उदाहरणं मी तिथलीच देणार. नंदेसरीच्या केमिकल प्लांटमधल्यांनी किंवा कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांनी ती आपापल्या कामाला लावून घ्यावीत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कल्पना बहुतेक वेळा शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, आधीपासून असते. जो माणूस आठ तास एखादी वस्तू हाताळतो, त्याला तिच्यातली अडचण तुमच्या-माझ्या आधी कळलेली असते, आणि बऱ्याचदा त्यावरचा उपायही. तो बोलत नाही, कारण मागच्या वेळी बोलला तेव्हा काय झालं ते त्याला आठवतंय. ते कुठल्या साहेबाच्या काळात झालं हे बाकीचे विसरून जातात, गप्प बसायची सवय तेवढी राहते. तुमचं काम ती सवय मोडायचं आहे.

पायरी १ : पहिले पंधरा दिवस काहीही सुधारू नका

नवीन सुपरवायझरच्या हाताला खाज असते. आल्या आल्या रॅक हलव, टेबलं फिरव, पाट्या लाव. मीही केलंय. आठ दिवसांनी रॅक परत मूळ जागी गेलेला असतो आणि कोणी हलवला ते कोणालाच माहीत नसतं.

त्यापेक्षा उभं राहून बघा. काय बघायचं? माणसांनी स्वतः बनवलेली हत्यारं. घासून बारीक केलेला स्क्रूड्रायव्हर, वायर ओढायला वाकवलेला हूक, लॉकरमध्ये लपवलेला पुठ्ठ्याचा टेम्प्लेट, टेबलाच्या कडेला खडूने मारलेल्या खुणा. आमच्याकडे एका वायरमनजवळ पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा असायचा, त्यावर मार्करने तीन खुणा. दरवाज्याकडे जाणाऱ्या वायरींच्या तीन लांब्या. टेप न लावता तो वायरी कापायचा आणि त्याचं भंगार सगळ्यांत कमी निघायचं. ऑफिसात हे कोणालाही ठाऊक नव्हतं. ड्रॉईंगमध्ये वायरीची लांबी नसतेच, ती ज्याची त्याने काढायची असते.

असं काही दिसलं की विचारा, ‘हे कशाला हो?’ मात्र हातात वही-पेन घेऊन विचारू नका. वही दिसली की त्यांना ऑडिट वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ती वस्तू गायब होते. नोंद घरी गेल्यावर करा. पंधरा दिवसांत अशा दहा-बारा वस्तू सापडल्या, तर तुम्हाला चांगली माणसं मिळाली आहेत असं समजा.

पायरी २ : हाक नीट मारा, भाषा त्यांची बोला

पुण्याहून किंवा नाशिकहून बदलून आलेल्यांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं. इथे वयाने मोठा फिटर ‘भाई’ असतो, वायरिंग सेक्शनमधल्या बायका ‘बेन’ असतात. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची जुनी मराठी मंडळी असतील तर ‘अहो काका’ म्हटलेलं त्यांना आवडतं, पण चारचौघांत तेही गुजरातीतच बोलतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातली पोरं हिंदी. नुसत्या नावाने, तेही एकेरीत, साठीला आलेल्या माणसाला हाक मारलीत तर तो तुमचं काम करेल, तुम्हाला काही सांगणार मात्र नाही.

आणि सूचनेचा फॉर्म इंग्रजीत छापू नका. हे इतकं उघड आहे, तरी दर दुसऱ्या कारखान्यात तो इंग्रजीतच असतो. ‘प्रेझेंट मेथड’, ‘प्रपोज्ड मेथड’, ‘एक्स्पेक्टेड सेव्हिंग’. ज्याला कल्पना सुचली तो दोन ओळींनंतर थांबतो, आणि ज्याला इंग्रजी येतं तो वाटेल ते लिहून बक्षीस घेऊन जातो.

बडोद्यात तरी हे कोणाला समजावून सांगायला लागू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं तेव्हा त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती, आणि तंत्रशिक्षण लोकांच्या स्वतःच्या भाषेत मिळालं पाहिजे हा गज्जरांचा आग्रह होता. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, ड्रॉईंग अशा हाताच्या विद्या तिथे शिकवल्या जात. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. १९०७ साली अलेम्बिक ही औषध कंपनी उभी राहिली तीही गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या हातून. आज त्याच कलाभवनात सयाजीराव विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि तिथून बाहेर पडलेलं पोरगं वायरमनसमोर इंग्रजी फॉर्म ठेवतं. असो.

तोंडी सांगू द्या, लिहायचं काम तुम्ही करा. लिहून झालं की त्याच्याच भाषेत त्याला वाचून दाखवा. निम्म्या वेळा तो म्हणेल, ‘ना ना साहेब, एम नहीं.’ मग खरी गोष्ट कळते.

पायरी ३ : पेटीने त्यांच्याकडे जायचं

सूचनापेटी बहुतेक वेळा एचआरच्या दारापाशी टांगलेली असते, वर कुलूप. तिच्यात चिठ्ठी टाकणारा माणूस सगळ्यांना दिसतो, आणि ‘साहेबाकडे काय लावालावी करून आला’ हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत ठरलेला. पेटीत निघतं काय? कँटीनच्या डाळीबद्दल तक्रारी आणि चॉकलेटचे कागद.

पुन्हा महाराजांचीच आठवण काढावी लागते. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या खेड्यांत पाठवायच्या, वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. वाचक शहरात येईल याची वाट बघत बसायचं नाही.

तुम्हीही तसंच करा. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, त्यांच्या टेबलापाशी. मी बुधवारी दुपारच्या चहाला एकेका टेबलापाशी दहा मिनिटं उभा राहायचो. ‘काही सुधारणा सुचते का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर ‘ना साहेब, बधुं बराबर छे’ असंच येतं. नेमकं विचारा : ‘या आठवड्यात कशासाठी सगळ्यांत जास्त वेळ वाट बघावी लागली?’ ‘कुठलं काम दोनदा करावं लागलं?’ ‘कुठल्या कामाने कंबर धरली?’ कंबरेचा प्रश्न फार उपयोगी आहे. कल्पना मागितली की माणूस अवघडतो; दुखणं विचारलं की बोलतो.

कॉन्ट्रॅक्टच्या माणसांना विसरू नका. त्यांना कोणी विचारतच नाही, आणि पॅकिंग, लोडिंग, पंचिंगचा अर्धा भार त्यांच्यावर असतो. शिवाय त्यांनी दुसरे चार कारखाने बघितलेले असतात. तुमच्या पर्मनंट माणसांनी बहुतेक एकच.

पायरी ४ : पहिलं अर्धं मिनिट

आता खरी गोष्ट. कोणी तुमच्याकडे येऊन ‘साहेब, एक वात कहूं?’, म्हणजे ‘एक गोष्ट सांगू का?’, असं म्हणाला, तर पुढच्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय करता त्यावर पुढची दोन वर्षं ठरतात. अतिशयोक्ती नाही करत, मी ती दोन वर्षं भोगली आहेत.

पॅनेलचा दरवाजा डोळ्यांपुढे आणा. त्यावर मीटर, पुशबटणं, इंडिकेशनचे दिवे बसवलेले असतात. त्यांचं वायरिंग दरवाज्याच्या आतल्या बाजूने होतं, मग सगळ्या वायरींची एक जुडी करून, बिजागरीच्या बाजूला सैल वळसा देऊन, ती पॅनेलच्या आत नेतात. आमच्याकडे दरवाजा बसवलेलाच असायचा आणि वायरमन त्याच्यापुढे उकिडवा बसून, मान वर करून, खांद्याच्या वर हात धरून फेरूल घालायचा. फेरूल म्हणजे वायरीच्या टोकावरचा नंबराचा तो बारीक प्लॅस्टिकचा मणी. उलटा घातला की ६ चा ९ होतो.

मी नवीन होतो. एक जुने वायरमन आले आणि म्हणाले, दरवाजा बिजागरीवरून काढून दोन घोड्यांवर (टेकू द्यायच्या स्टँडवर) आडवा ठेवला आणि उभं राहून वायरिंग केलं तर? मी लगेच म्हटलं, ‘पावडर कोटिंगला ओरखडे पडतील. आणि दरवाजा चढवा-उतरवायला दुसरा माणूस लागेल, तो कोण देणार?’ दोन्ही मुद्दे बरोबर होते. आजूबाजूला सहा-सात जण होते. ते वायरमन ‘हां साहेब’ म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते माझ्याशी कामाशिवाय काही बोलले नाहीत. बाकीचेही नाहीत. सगळं ठीक चाललंय असं मला वाटत होतं.

जवळजवळ दोन वर्षांनी, मार्च एंडिंगच्या धावपळीत, एका रविवारी मी न सांगता शॉपवर गेलो. दोन घोड्यांवर दरवाजा आडवा. खाली मीटरच्या खोक्यांतून निघालेला पांढरा फोम, नीट कापून, चिकटपट्टीने घोड्यांना गुंडाळलेला. ओरखड्याचा प्रश्नच नाही. दुसरा माणूस? दरवाजा रिकामा असतानाच काढायचा, म्हणजे एकट्याला उचलतो. चढवताना शेजारच्या टेबलावरचा येऊन एक मिनिट धरतो. माझ्या दोन्ही हरकतींची उत्तरं त्यांच्याकडे त्या दिवशीच तयार होती. मी तिथवर पोचूच दिलं नव्हतं. साहेब नसले की रविवारी ते असंच काम करत होते.

म्हणून आता पाठ करून ठेवलेली चार वाक्यं देतो, जशीच्या तशी वापरा.

‘बसा, नीट सांगा.’ हातातला मोबाइल खाली.

‘दाखवता का?’ शक्य तेवढ्या लवकर जागेवर जा. अर्ध्या कल्पना बोलून कळत नाहीत, दाखवल्यावर कळतात.

‘मला अमुक एक भीती वाटते, त्यावर काय करता येईल?’ हरकत घ्यायची नाही असं मी म्हणत नाही. तीच हरकत प्रश्न म्हणून विचारा. ‘ओरखडे पडतील’ म्हटलं की दार बंद. ‘ओरखडे पडू नयेत म्हणून काय करायचं?’ म्हटलं असतं तर मला त्याच दिवशी फोम दिसला असता.

‘गुरुवारपर्यंत सांगतो.’ आणि गुरुवारी सांगा.

पायरी ५ : वही, आणि तिच्यातलं उत्तर

टोयोटाच्या सूचनापद्धतीचं नाव तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकाल. ती १९५१ साली सुरू झाली, आणि गंमत म्हणजे मूळ कल्पना उसनी : आदल्या वर्षी टोयोटाचे एइजी टोयोदा अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघून आले होते, तिथे कामगारांकडून सूचना घेण्याची पद्धत होती. फोर्डकडून घेतलेली गोष्ट पुढे टोयोटाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, याचं कारण माझ्या मते एवढंच की त्यांनी ती सोडली नाही. आपल्याकडे सूचना-योजना उद्घाटनाच्या नारळासकट सुरू होते आणि दिवाळीपर्यंत संपते.

तुम्हाला सॉफ्टवेअर नको. एक लांबोडकी वही, शॉपवर दोरीने बांधलेली, कोणीही उघडू शकेल अशी. पाच रकाने : तारीख, कोणाची, काय, उत्तर काय, उत्तर कधी दिलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो तुमची परीक्षा घेतो.

उत्तरं तीनच. ‘करू’, ‘नाही करत, कारण असं’, ‘आत्ता नाही’. दुसऱ्या उत्तरातलं कारण खरं असू द्या. ‘मॅनेजमेंट नाही म्हणाली’ हे कारण नव्हे. ‘त्या जागी बसबार आणि पत्रा यांच्यात ठरलेलं अंतर राहत नाही’ हे कारण आहे (बसबार म्हणजे पॅनेलमधली वीज वाहून नेणारी धातूची पट्टी). ते ऐकून माणूस नाराज होत नाही, उलट पुढची सूचना त्या अंतराचा विचार करून आणतो.

‘आत्ता नाही’ची पानं फाडू नका. थ्री-एममध्ये स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ साली एक धड न चिकटणारा गोंद सापडला, त्याचं काय करायचं ते कोणाला कळेना. पुढे त्याच कंपनीतल्या आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या वहीत खुणेच्या चिठ्ठ्या टिकाव्यात म्हणून तो आठवला, आणि १९८० साली त्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या अमेरिकाभर बाजारात आल्या. मध्ये बारा वर्षं गेली. मी दर सहा महिन्यांनी जुनी पानं चाळायचो. दर वेळी एक-दोन गोष्टी तरी निघायच्या, ज्या तेव्हा जमत नव्हत्या आणि आता जमत होत्या.

पायरी ६ : एका पॅनेलवर, एका पाळीत

कुठलीही सूचना सगळीकडे लागू करायची घाई नको. एक पॅनेल, एक पाळी, ज्याने सुचवली तोच करून बघणार. चाललं तर दुसरं टेबल. नाही चाललं तर जुनं परत, आणि कोणी हसायचं नाही. हसणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवायचं काम तुमचं.

मात्र इथे एक रेघ जाड मारून घ्या. काम करायची पद्धत बदलणं वेगळं आणि माल बदलणं वेगळं. दरवाजा आडवा ठेवून वायरिंग करायला कोणाची परवानगी लागत नाही. बसबारचा आकार, दोन फेजमधलं अंतर, अर्थिंग, ग्राहकाने मंजूर केलेलं ड्रॉईंग याला हात लावायचा तर डिझाइनची लेखी सही हवी, आणि ज्या नमुन्याची टेस्ट झाली आहे त्यात बदल होत असेल तर परत टेस्ट लागते का हेही विचारावं लागतं. आपल्या मकरपुऱ्यातच एर्डा ही टेस्टिंगची संस्था १९७४ पासून आहे; डिझाइनवाल्यांना सोबत घेऊन तिथल्या लोकांशी बोला. अंदाजावर जाऊ नका.

बडोद्याचा एक शब्द या ठिकाणी घात करतो : ‘चालशे’, म्हणजे ‘चालेल’. पोराने इन्सुलेटरच्या जागी भलतंच काही लावलं, विचारलं तर ‘चालशे साहेब’. जुगाडाचं कौतुक मीही करतो, पण ४१५ व्होल्टला कौतुक कळत नाही. उलट याच शब्दाचा दुसरा त्रासही आहे. ज्या पद्धतीने पाठ दुखते, वेळ जातो, तिच्याबद्दलही ‘चालशे, आपडे टेवायेला’, म्हणजे आपल्याला सवय आहे. दोन्हीकडे तुमचा प्रश्न एकच : ‘चालेल हे तपासलं कसं?’

लहान बदल किती लहान असावा याचं माझं आवडतं उदाहरण जपानचं आहे. १९६१ साली शिगेओ शिंगो हे इंजिनिअर एका इलेक्ट्रिक कारखान्यात गेले. तिथे पुशबटणात दोन छोट्या स्प्रिंगा घालायच्या असत आणि कधीमधी एखादी राहून जाई. ओरडून झालं, तपासणी वाढवून झाली. शिंगोंनी सुचवलं : काम सुरू करताना डब्यातून दोन स्प्रिंगा काढून आधी एका ताटलीत ठेवा, मग बटणात घाला. ताटलीत एक उरली की कळलंच. आमच्याकडे बसबारच्या जोडांचे नटबोल्ट आम्ही याच तऱ्हेने मोजून वाटीत देऊ लागलो. वाट्या भांडी बाजारातून आणल्या, स्टीलच्या.

या पद्धतीला शिंगो आधी ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे मूर्खाकडूनही चुकू नये अशी सोय. एका कारखान्यात एक कामगार बाई ते ऐकून रडली, ‘मी काय मूर्ख आहे?’ म्हणाली. शिंगोंनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं, नजरचूक टाळणारी सोय. तुमच्या शॉपवर जी नावं चालतात ती एकदा ऐका. आमच्याकडे रीवर्कच्या टेबलाला ‘गधेडा टेबल’ म्हणायचे. त्या टेबलावर बसून कोण काय सुचवणार?

पायरी ७ : चूक सांगणाऱ्याचं काय करता?

संध्याकाळचे सहा. पॅनेल लाकडी पेटीत बंद, ट्रक सकाळी. एक नवीन पोरगा दोनदा केबिनपर्यंत आला आणि परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, ‘साहेब, सीटीच्या दोन वायरी बहुतेक उलट्या लागल्यात माझ्याकडून.’ सीटी म्हणजे करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर. त्याची दिशा चुकली की मीटर चुकीचं दाखवतो, कधी रिलेही, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडायला लावणारं उपकरणही, चुकीचा चालतो. पेटी उघडायची म्हणजे खिळे काढण्यापासून सगळं.

माझ्या तोंडात काय आलं होतं ते छापण्यासारखं नाही. ते गिळलं आणि ‘बरं झालं आत्ता सांगितलंस’ म्हटलं. पेटी उघडली. उलट्याच होत्या. मग शेजारची तीन पॅनेलं बघितली, तर त्यातल्या दोनमध्येही तेच, आणि ती दुसऱ्या माणसांनी केलेली. ड्रॉईंगमध्ये सीटीची कुठली बाजू वर ते नीट दिसतच नव्हतं. तो बोलला नसता तर तिन्ही गेली असती. ग्राहकाकडे जाऊन ती दुरुस्त करायचा खर्च ज्याने दिलाय त्यालाच माहीत.

एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी बघितल्या तर चांगल्या टीममध्येच चुका जास्त. ती माणसं जास्त चुकत नव्हती, चुकलेलं लपवत नव्हती. तेव्हा तुमच्या शॉपवर महिनाभर एकही चूक नोंदवली गेली नाही, तर एचआरला कळवण्याआधी जरा काळजी करा.

पायरी ८ : ओव्हरटाइमचं कोडं

हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. ओव्हरटाइमला दुप्पट दर असतो. वायरमनच्या घरचा हप्ता, पोराची फी बऱ्याचदा त्यावर चालते. आता त्याने पॅनेलमागे दोन तास वाचवणारी युक्ती तुम्हाला सांगितली, तर त्याचाच ओव्हरटाइम कापला जाणार. मग त्याने का सांगावं? तो मूर्ख नाही, आणि आळशी तर नाहीच. युक्ती तो स्वतःपुरती ठेवतो, वेळ वाचवतो आणि तो वेळ चहावर घालवतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जमलं तेवढं असं : वरच्या साहेबांकडून आधीच कबूल करून घ्यायचं की सुचवलेल्या बदलामुळे ठरावीक काळ, समजा सहा महिने, कोणाचे तास कमी होणार नाहीत आणि कॉन्ट्रॅक्टचा एकही माणूस कमी होणार नाही. वाचलेल्या वेळात बाहेर जॉबवर्कला जाणारं काम आत आणायचं. एकदा जरी हा शब्द मोडला गेला तर वही गुंडाळून ठेवलीत तरी चालेल. एका कंपनीत आम्ही वायरिंगचा वेळ कमी करून दाखवला आणि पुढच्याच महिन्यात दोन हेल्पर कमी केले गेले. त्या वर्षी वहीत एक ओळ आली नाही, आणि कोणाला विचारायची माझी हिंमत नव्हती.

बक्षिसाचं म्हणाल तर बचतीच्या टक्केवारीत पैसे देऊ नका. हिशोबावरून भांडणं होतात आणि ‘ही माझी आयडिया’ म्हणून लोक एकमेकांपासून लपवतात. सगळ्यांना सारखी, लहान रक्कम, आणि नाव. नावात फार ताकद आहे. बदललेल्या पद्धतीच्या कागदावर ज्याने सुचवली त्याचं नाव छापा. दोघांनी मिळून केलं असेल तर दोघांचं. आणि चुकूनही तुमचं छापू नका.

क्वालिटी सर्कलबद्दल दोन शब्द. सहा ते दहा माणसं, आठवड्याला तासभर, आपल्याच कामाचा प्रश्न सोडवायचा; जपानमध्ये १९६२ पासून, आपल्याकडे १९८० साली हैदराबादच्या भेलमध्ये सुरुवात, दोन वर्षांत देशपातळीवरची संघटना. पद्धत उत्तम. पण आता बऱ्याच ठिकाणी ती स्पर्धेची झाली आहे : इंजिनिअर स्लाइड बनवतो, कामगार पाठ करून टाय लावून बोलतो, ट्रॉफी रिसेप्शनच्या कपाटात जाते. तुमच्याकडे सर्कल असेल तर एवढंच बघा, की तो तास कामाच्या वेळेत आहे ना, आणि प्रश्न त्यांनी निवडलाय की तुम्ही.

सहा महिन्यांनी वही रिकामीच असेल तर

असं होतं. घाबरू नका, आणि ‘आमची माणसंच तशी’ हे तर मुळीच म्हणू नका. मागची पानं उघडून शेवटचा रकाना बघा. किती उत्तरं गुरुवारपर्यंत गेली? बहुतेक दुखणं तिथेच सापडतं. तिथे नसेल तर टेबलावर सगळ्यांत गप्प कोण असतं ते बघा. माझ्या अनुभवात तो माणूस बरंच काही जाणून असतो आणि त्याला कोणी तरी एकदा चारचौघांत गप्प केलेलं असतं. ते तुम्हीच असाल तर त्याला बाजूला घेऊन सांगा, ‘काका, त्या दिवशी माझं चुकलं.’ मी दरवाजेवाल्या काकांना हे सांगायला दोन वर्षं लावली. ते म्हणाले, ‘जवा दो ने साहेब,’ म्हणजे जाऊ द्या, आणि मग खिशातून कागद काढून पुढची सूचना दाखवली.

आणि एकदा रात्रपाळीला जा. ऑडिट नसताना, फोन न करता. जाताना सगळ्यांपुरती सेव-उसळ बांधून घ्या, पाव थोडे जास्तच.